आधी दुपटं सोडा

तळहात एकमेकांवर घासायचे, स्वतःच्या गालाला लावून पाहायचे आणि मगच म्हणायचं, "आधी दुपटं सोडा." सौंसरला लहान मुलांच्या डॉक्टरीणबाई तान्हं बाळ तपासायच्या ते असं. सर्दीसाठी आणलेल्या बाळाचंही दुपटं सुटायचं. गुडघे वाकवून त्या मांड्या हळूच दोन्ही बाजूंना उघडायच्या. एखादी मांडी अडली की त्यांचं बोलणं थांबायचं.

पाय सरळ व्हावेत म्हणून आपल्याकडे बाळाला घट्ट गुंडाळतात, हे तुम्ही घरोघरी पाहिलं असेल. पण मांड्या अशा आवळल्या की खुब्याचा सांधा सरकू शकतो. बाई आज्यांना विचारायच्या, "लेकरू बांधलं का कापसाची गाठ? आता जिनिंग मिलवर नेता का?" आज्या हसायच्या आणि दुपटं सैल करायच्या.

त्यांचा स्वतःचा डावा पाय आखूड होता. खुब्याचा सांधा जन्मापासून खोबणीत नीट बसलेला नव्हता. घरात कळलं ते त्या चालू लागल्यावर. तोवर मांड्या फाकवून धरणाऱ्या नुसत्या पट्ट्याने बरं होण्याचे महिने गेले होते. डाव्या बुटाला जाड तळ लावून त्या गावोगावच्या शिबिरांना जायच्या. बातमीसाठी मीही असायचो. त्यांचं वाक्य ठरलेलं होतं, "हा दोष पोरींमध्ये जास्त. पोरी दाखवत जा."

वाक्य पसरलं. बोरगाव, तिगावकडूनही लोक मुली आणू लागले. मुलगे मात्र येईनासे झाले. का, ते रामाकोन्यात कळलं.

शिबिराच्या ओसरीवर एक आजी नातवाला मांडीवर घेऊन बसली होती. शेजारणीच्या सोबतीला आलेली. बाईंनी हात पुढे केले.

"याले काहाले पाहता? पोट्टा आहे तो. हा रोग पोट्ट्यांचा नाही. तुमीच तं सांगून राहिल्या!"

बाई आजीच्या शेजारी टेकल्या. मग म्हणाल्या, "पोरींमध्ये जास्त म्हणजे पोरांमध्ये नाहीच, असं नाही, आजी. दुपटं सोडा."

उजवी मांडी अर्ध्यावर अडली.

नागपूरच्या सोनोग्राफीत खुब्याचा तोच दोष निघाला. पट्टा लावायला बाई रामाकोन्यात त्यांच्या घरी गेल्या, तशी आजी नातवाला घेऊन दाराआड गेली. "लेकराले बेडकावानी बांधून ठेवू? लोक काय म्हणतीन?"

बाईंनी दोन्ही बूट काढले. अनवाणी त्या अंगणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेल्या. प्रत्येक पावलाला खांदा खाली जात होता. तशाच परत आल्या.

"लोक हे पाहतीन, आजी. आता सांगा."

आजीने बाळ सुनेच्या हातात दिलं आणि बाईंना म्हणाली, "लाव माय, पट्टा."

पट्टा होता तोवर बाई दर आठवड्याला बसने रामाकोन्याला जात राहिल्या. पोरगा सरळ चालला. त्यानंतर ते जुनं वाक्य त्यांनी कधीच एकटं उच्चारलं नाही. "पोरींमध्ये जास्त, पण पोरगाही दाखवा," असं पूर्ण म्हणायच्या. कुणी मध्येच तोडलं तर पुन्हा सुरुवातीपासून.

बाई आता नाहीत. त्यांच्या खुर्चीवर एक तरुण डॉक्टर बसतो. परवा मी तिथे होतो, तेव्हा तीच आजी धाकट्या नातवाला घेऊन आली.

"काय होतंय बाळाला?" डॉक्टरने विचारलं.

"काहीच नाही, बाप्पा." ती तोवर दुपटं सोडू लागली होती. "पोट्टा आहे, तरी पाहा. अन् हात तेवढे घासून घ्या पयले."