सलूनमधली नंबरप्लेट

लॉजवाल्या वहिनींच्या रागाला अख्खी गल्ली वचकून असे, आणि तीच गल्ली त्यांच्या नवऱ्याच्या मोठ्या मनाचे गोडवे गाई. त्याला सगळे दिलदारच म्हणत. शिडी मागा, छत्री मागा, पाहुण्याच्या खोलीतला टेबलफॅन मागा, दिलदारच्या तोंडून ‘नाही’ येत नसे. मग उकाड्याने हैराण झालेला पाहुणा खाली आला की त्याच्यासमोर उभं राहायचं वहिनींनी. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवायचं त्याने आणि हलवायाची बोलणी खायची यांनी, असा तो संसार. लग्न होऊन आल्या तेव्हा वहिनी भारी हसऱ्या होत्या म्हणे. राग त्यांनी माहेराहून आणला नव्हता. याने वाटलेल्या वस्तू दारोदार परत मागताना तो अंगाला चिकटला.

त्या वर्षी त्यांच्याकडे एक उंचच उंच परदेशी प्रवासी उतरला होता, थेट स्वतःच्या देशातून मोटरसायकलवरून आलेला. वडील अत्यवस्थ असल्याचा फोन आला आणि त्याला विमानाने परतावं लागलं. जाताना त्याने किल्ली वहिनींच्या हातात ठेवली.

“गाडीवर आमच्याकडचा नंबर आहे. इथल्या कुणाला ती विकता येत नाही. माझ्यासारखा एखादा प्रवासी मिळाला, तर तोच तिला सीमेपलीकडे नेईल. तोवर सांभाळाल?”

“जशी आहे तशी त्याच्या हाती देईन,” वहिनी म्हणाल्या.

आणि सांभाळलीही. बॅटरी उतरू नये म्हणून दर रविवारी शेडमध्ये जाऊन इंजिन सुरू करायच्या, सगळी गाडी पुसून घ्यायच्या.

अखेर गिऱ्हाईक मिळालं. मालकाचं आणि गिऱ्हाइकाचं फोनवर ठरलं आणि पाठीवर भलीमोठी सॅक घेतलेली एक परदेशी मुलगी दारात उभी राहिली. मालकाने सही करून पाठवलेला कागद तिच्याजवळ होता. परदेशी गाडी इथे ठेवायची मुदत दुसऱ्या दिवशी संपणार होती. त्यानंतर सीमेवर ती जप्तच झाली असती. मुलगी गाडीभोवती फिरली, खूश झाली, मागे गेली आणि थबकली.

“नंबरप्लेट?”

वहिनी वाकल्या. मडगार्डवर स्क्रूची नुसती भोकं. रविवारी तर त्यांनी स्वतःच्या हाताने पुसली होती!

“कागदावरचा नंबर गाडीवर नसेल तर मला पुढे सोडणार नाहीत,” मुलगी म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले.

वहिनींना चोर शोधावा लागला नाही. खोल्या झाडणाऱ्या बाईंना त्यांनी एवढंच विचारलं, “हे कुठे आहेत?”

“दाढीला गेलेत.”

सलूनमध्ये बायका कधी जात नसत. वहिनी आत शिरल्या तशी बाकावरची माणसं पाय आवरून बसली. दिलदार खुर्चीत मान मागे टाकून पहुडला होता. एक गाल गुळगुळीत, दुसऱ्यावर फेस. आणि आरशाच्या वर, नट्यांच्या फोटोंच्या मधोमध, ती पिवळी नंबरप्लेट.

“ती खाली काढा.”

“अहो वहिनी, दादांनी प्रेमाने दिलीय,” सलूनवाला म्हणाला. “फॉरेनची आहे! दुकानाला कशी शोभा आलीय बघा. मीसुद्धा तेव्हापासून दादांकडून रोजच्या दाढीचे पैसे घेत नाही. दिलेली वस्तू कुणी परत मागतं का?”

“यांनी स्वतःचं काही दिलं असतं, तर नसती मागितली.”

बाकावर कुणीतरी फिसकन हसलं. दिलदार फेसातूनच बोलला, “अगं, गाडी नुसती उभी तर होती. प्लेटवाचून तिचं काय अडलं होतं? चारचौघांत तमाशा नको.”

“चारचौघांत दिलीत ना? मग चारचौघांतच परत घ्या. मिरवायचं तुम्ही आणि कजाग ठरायचं मी! तिकडे लेकराच्या वयाची पोर रडतेय. उठा.”

“दाढी तरी होऊ दे…”

“उठा म्हणतेय ना!”

सलूनवाल्याने मुकाट्याने स्टुलावर चढून प्लेट काढली. दिलदार गळ्यातल्या टॉवेलासकट गल्लीतून घरी आला, पुढे तो आणि मागे वहिनी. शेडमध्ये गुडघे टेकून त्याने स्क्रू पिळले. वहिनी डोक्याशी उभ्या होत्या.

“घट्ट. अजून घट्ट.”

मुलीने नंबर कागदाशी ताडून पाहिला, वहिनींना मिठी मारली आणि गाडी सुरू केली. एका दमात सुरू झाली. वळणावर तिने हात हलवला. वहिनींनीही हलवला, पण कपाळावरची आठी काही गेली नाही.

शेडची किल्ली दाराजवळच्या खिळ्यावर असे. घरच्या माणसापासून काय लपवायचं, म्हणून. वहिनींनी ती काढली, पर्समध्ये टाकली आणि चेन ओढली.

“माझ्यावर एवढाही विश्वास नाही?” दिलदार दुखावल्या आवाजात म्हणाला.

“नाही. आणि जा, उरलेली दाढी करून या. आजच्या आणि मागच्या सगळ्या फुकट दाढ्यांचे पैसे देऊन या. म्हणे दिलदार!”

गालावर वाळलेला फेस नखाने खरवडत दिलदार तसाच उंबऱ्याशी उभा राहिला.