वाडगा उचलून जेवायचं हॉटेल

आमच्या ह्यांनी चारचौघांत जेवणं सोडलं होतं. हाताला कंप आहे हो. चमचा ताटातून भरलेला निघतो आणि तोंडाशी पोचेपर्यंत निम्मा शर्टावर. घरी चालतं, घरी कोण बघतंय? पण माणसांत बसले की ताटाला हातच लावायचे नाहीत. भाचीच्या हळदीला मटणाची पंगत बसली, आणि हे दारात उभं राहून सगळ्यांना सांगतायत, "माझा उपास हाय." करंजा गावचा कोळी, रविवारचा, मटणासमोर उपाशी! लोक हसले. मी मात्र ताट तसंच ठेवून उठले. मग यांनी लग्न, बारसं, सगळीकडे जाणंच बंद केलं आणि यांच्याबरोबर मीही घरात बसले.

यंदा सुनेचा वाढदिवस आला. ती म्हणाली, बाहेर जेवायला जायचं.

हे म्हणाले, "तुमी जा. मी भात खाऊन पडतो."

"बाबा, तुम्ही येत नसाल तर मीही घरी बसून पिठलं खाते. वाढदिवसाला!"

सुनेनं पिठलं खायचं म्हटल्यावर आले बिचारे. तिचा नवरा, आमचा धाकटा, होडी घेऊन समुद्रात, म्हणून निघालो तिघंच.

नवीन पनवेलात नवरा-बायकोनं काढलेलं छोटंसं हॉटेल. ते दोघं कोलकात्याचे, पण घराणं मुळात चीनमधल्या कँटन भागातलं. तिकडे भट्टीत भाजलेलं मांस भातावर घालून खातात, असं सुनेनं रिक्षातच सांगितलं होतं. काचेआड अख्खी बदकं टांगलेली, तांबूस, चकचकीत. आम्ही बोंबील वाळत घालतो ना, अगदी तशी रांग. मालक एकेक उतरवायचा आणि जाड ओंडक्यावर सुऱ्यानं हाडासकट तुकडे करायचा.

बसलो तर समोर रिकामे वाडगे, एक मोठं भांडं आणि किटली. मी म्हटलं, वा, हात धुवायला गरम पाणी! भांड्यावर हात धरून वर किटली ओतली आणि बोटं चांगली चोळली. सून पोट धरून हसायला लागली. "आई, तो चहा आहे! त्यानं आधी वाडगे विसळतात, मग उरलेला पितात." मी म्हटलं, "मग हात पण झाले ना स्वच्छ!" हे पण हसले. किती दिवसांनी हसले म्हणून सांगू!

भात आला. वर बदकाचे तुकडे, गोडसर रस, बाजूला आलं आणि कांद्याची पात तेलात घातलेली. यांनी दोन्ही हात टेबलाखाली ठेवले. आता "भूक नाय" म्हणणार, मला ठाऊक. पण सुनेनं शेजारच्या टेबलाकडे बोट दाखवलं. तिथं मालकाचे म्हातारे वडील जेवत होते. वाडगा उचलून थेट ओठाला लावलेला, भात आत ढकलतायत, हाडं तोंडातून काढून टेबलावर ठेवतायत. शितं इकडे तिकडे पडलेली, आणि कुणाला त्याचं काही नाही.

"इथं असंच जेवतात, बाबा," सून हळूच म्हणाली.

तेव्हा कळलं मला, पोरीनं हेच हॉटेल का शोधलं ते.

यांनी वाडगा उचलून ओठाला टेकवला आणि दुसऱ्या हातात चमचा घेतला. आता चमच्याला जायचं होतं बोटभरच अंतर. काही सांडलं नाही. सांडलं असतं तरी काय!

तेवढ्यात मालकीण आली. "आंटी, भीड़ है, यहाँ दो लोग बिठा दूँ?" एका टेबलावर अनोळखी माणसं बसवायची तिथली रीतच. नाही म्हणायच्या आत जासई गावचं एक जोडपं समोर बसलंसुद्धा. ह्यांचा वाडगा तोंडापाशीच थांबला. मी सुनेकडे बघते, सून माझ्याकडे.

समोरच्यानं विचारलं, "काका, कसं हाय हो बदक?"

मिशीला शीत लागलेलं, हात थरथरतोय. हे म्हणाले, "झकास हाय. पन सुका नको खाऊ, रस वरनं घे. आन् वाडगा उचल की, चमचा ताटातनं तोंडापर्यंत आनायचा ह्यो काय खेळ हाय?"

त्या माणसानं उचलला. दोघं समोरासमोर वाडगे तोंडाला लावून जेवत होते आणि मधे करंज्याच्या होड्यांच्या गप्पा. माझा भात गार झाला, पण सांगते, इतकं पोटभर जेवण मी कधी जेवले नाही.

परतताना रिक्षात हे सुनेला म्हणाले, "पुढल्या रविवारी थोरल्या पोराला बोलवू का गो? त्याच्याबरोबर जेवून लय दिस झाले."

"बोलवू की, बाबा," ती म्हणाली आणि तोंड फिरवून रस्त्याकडे बघत बसली. मी तिचा हात हातात घेतला, तो घर येईपर्यंत सोडला नाही.