आखाजीच्या आधीचे चार दिवस

कारखाना होणार नाही, हे मला आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, चार दिवस आधी कळलं होतं. हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही.

शिंदखेड्याजवळच्या माळावर सोलर पॅनलचा कारखाना येणार होता. मी कंपनीचा तिथला माणूस. उतारे गोळा करायचे, तलाठ्याकडे खेटे घालायचे, नोकरीसाठी निवडलेल्यांची यादी सांभाळायची. हुद्दा काही मोठा नव्हता, पण गावात शब्दाला वजन आलं होतं. खोटं कशाला बोलू, ते मला आवडायला लागलं होतं.

यादीत एक सालदार होता. चाळिशी उलटलेली, वीसेक वर्षं एकाच मालकाकडे, मळ्यातल्या खोलीत नवरा-बायको राहायचे. आमच्याकडे सालदाराचं साल आखाजीला सुरू होतं. त्या दिवशी मालकाला हो म्हणायचं, नाहीतर खोली रिकामी करायची. आखाजी टळली की सगळ्या मळ्यांवर माणसं ठरलेली असतात, मग वर्षभर कुणी विचारत नाही. या माणसाला कारखान्यात पॅनल पेट्यांत भरायचं काम मिळणार होतं.

त्याच्या मालकांना सगळे नाना म्हणत. एकदा माझ्यासमोरच ते म्हणाले, "आते याले साहेब म्हननं पडी! बैलस्ले बी सांगी ठेवस."

"बैलस्ले माहीत शे, नाना," सालदार म्हणाला. "तुम्हलेच सांगनं बाकी व्हतं."

नाना हसले, पण त्यांना ते लागलं होतं.

मग वरच्या साहेबांचा फोन आला. बाहेरून येणाऱ्या पॅनलचे भाव कोसळले होते. आपली यंत्रं बसेपर्यंतच जुनी ठरतील, अशी धास्ती पैसा घालणाऱ्यांनी घेतली होती. "प्रकल्प बंद करतोय. जाहीर होईपर्यंत तोंड उघडायचं नाही," साहेब म्हणाले आणि लगेच पुढे, "तुमची सोय जळगावच्या ऑफिसात लावतो."

त्याच दुपारी सालदार ऑफिसात आला. टेकला नाही, उभाच राहिला.

"भाऊ, आखाजी चार दिनवर शे. नाना इचारी ऱ्हायनात. कंपनी व्हई ना?"

मी टेबलावरचे कागद उगाच जुळवत बसलो. "अहो, अशा कामांना वेळ लागतो," म्हणालो. मग त्याच्याकडे न बघता, "होईल."

"तुम्हना शब्द शे ना? मंग कसानं भ्याव!"

आणि तो गेला.

आखाजीच्या दिवशी घरात आमरस होता, खापरावरच्या पुरणपोळ्या होत्या. माझ्याने एका जागी बसवेना. दोनदा मोटारसायकल काढली, मळ्याच्या फाट्यापर्यंत गेलो, परत आलो. तिसऱ्यांदा निघालो तर बायको म्हणाली, "काय सांडलंय तुमचं तिकडे?" पेट्रोल भरायचंय म्हणालो. टाकी भरलेली होती. फाट्यावर गाडी बंद न करता किती वेळ उभा राहिलो कोण जाणे. तिथून मळा दिसतो. बैलांजवळ नवाच माणूस होता. नानांनी दुसरा सालदार ठेवला होता.

महिन्याभराने कंपनीने माघार जाहीर केली. माळावरची पाटी काढायलाही मीच उभा होतो. लोक मला धीर देत होते, तुमचीही नोकरी गेली असेल म्हणत होते. मी जळगावला रुजू झालो. तो आणि त्याची बायको चोपड्याकडे केळीच्या कामावर गेले, असं नंतर ऐकलं.

आता मी घरांच्या छतांवर पॅनल बसवून देणाऱ्या कंपनीत आहे. पेपरात एका पानावर बॅटरीचा नवा कारखाना येणार असतो, दुसऱ्या पानावर कुठला तरी गुंडाळलेला असतो. ऑफिसातले लोक धोरणावर, चीनच्या भावांवर वाद घालतात. मी उठून गॅलरीत जातो, परत येतो, पुन्हा जातो. मला एवढंच दिसतं, की तिथेही कुणीतरी यादी सांभाळत असेल आणि त्याला कुणीतरी विचारत असेल, व्हई ना?

गेल्या वर्षी कामासाठी चोपड्याला गेलो होतो. रस्त्याकडेला ट्रकमध्ये केळीचे घड चढत होते. घड वाहणाऱ्यांत तो होता. खांद्यावर गोणपाट, अंगावरच्या सदऱ्यावर केळीच्या चिकाचे काळे डाग. मी मान वळवणार तेवढ्यात त्यानेच हाक मारली. चहा पाजला. राहायला कुठे असता, विचारलं, तर म्हणाला, "जठे काम, तठे." मग माझ्या हातावर हात ठेवला.

"भाऊ, तुम्हले बी फसाडं ना त्यास्नी?"

मी मान हलवली. होकारार्थी.

‘नाही’ एवढा एकच शब्द बोलायचा होता, मी तोही बोललो नाही. त्याला अजून वाटतं, आम्ही दोघंही फसलो. मला चार दिवस आधी माहीत होतं, हे त्याच्यासमोर बसून, त्याच्याकडे बघून सांगणं अजून बाकी आहे. ते मी त्याचं देणं लागतो.