सात शाली आणि एक मूठ

अठ्ठावन्न हे वय तसं फार अल्लड. निवृत्तीचा नारळ घेऊन, महिनाभरात जादू शिकून मी शिरूरच्या घरी आले, तेव्हा माझी खात्री होती की आता शिरूर आणि दौंड हे दोन्ही तालुके माझ्या जादूसाठी खोळंबून बसलेत. आज सत्तरी ओलांडल्यावर त्या पोरीकडं वळून बघते, तर तिचा कान पिळावासा वाटतो.

जादू म्हणजे काय, तर एकच खेळ. माझं माहेर दौंडचं, रेल्वे कॉलनीला लागून. शेजारचे मामा मालगाडीवर गार्ड होते. गाडी सिग्नलला तासन्‌तास उभी राहायची, आणि मामा मागच्या डब्यात एकटेच बसून बोटांचे खेळ करायचे. निवृत्तीनंतर मी महिनाभर माहेरी राहिले, तेव्हा त्यांच्याकडून हा खेळ शिकले. बोराएवढे दोन स्पंजचे गोळे. एक मी तुमच्या मुठीत देते, एक माझ्या हातात ठेवते. माझ्या हातावर फुंकर मारते, हात उघडते, तर तो रिकामा. तुम्ही मूठ उघडता, तर तिच्यात दोन. कसं ते सांगणार नाही. मामा अजून आहेत, आणि रागीट आहेत.

या खेळाची गोम अशी, की गंमत माझ्या हातात घडतच नाही. ती समोरच्याच्या मुठीत घडते. मामांनी बजावलंही होतं, "आरशापुढं शंभरदा कर. पन आरशाला मूठ न्हाई. मानूस शोध, हातभर अंतरावर बसनारा, आन् बघनारा."

मी सोफ्याची जुनी उशी फाडली, कात्रीनं गोळे कापले आणि माणूस शोधायला लागले.

पहिला माणूस घरातलाच. आमच्या ह्यांच्या एका हातात पेपर होता, दुसऱ्या हातात मी गोळा दिला. फुंकर मारली. म्हटलं, उघडा. त्यांनी मूठ उघडली, चष्म्याच्या वरून पाहिलं आणि म्हणाले, "दोन हायेत. मग?"

"अहो, मघाशी एकच दिला होता ना."

"आसंल. मी काय मोजत बसलो न्हाई."

दौंड स्टेशनवर माणसं पुष्कळ आणि गाड्या उशिरा, म्हणून एकदा माहेरी गेले असता फलाटावर गेले. बाकावर बसलेल्या एका बाईंना म्हटलं, जरा हात पुढं करता का? बाईंनी हात पुढं न करता पिशवी पोटाशी धरली. त्यांच्या नवऱ्यानं दोन रुपये काढून माझ्यापुढं धरले आणि म्हणाला, "मावशी, हात-बित बघायचा न्हाई आमाला. फुडं जावा." इस्त्रीची साडी, खांद्याला पर्स, पायात नवी चप्पल असा सगळा थाट करून गेलेल्या त्या निवृत्त शिक्षिकेचा चेहरा तेव्हा बघण्यासारखा झाला असणार.

मग शिरूरचा एसटी स्टँड. तिथं गिऱ्हाईक लवकर मिळालं. न्हावऱ्याला निघालेली एक म्हातारी चक्क मांडी घालून समोर बसली, गोळा मुठीत घेतला, डोळे बारीक केले. मी फुंकर मारायला ओठ गोल केले आणि बस लागली. म्हातारी उठून अशी पळाली की तरण्या पोरींना मागं टाकून खिडकीची जागा धरली. हात हलवून तिनं माझा निरोपही घेतला, बंद मुठीनं. न्हावऱ्यात तिनं ती उघडली तेव्हा आत काय निघालं ते मला माहीत आहे, पण बघायला मी नव्हते.

त्यानंतर मला लग्नं सुचली, आणि मी स्वतःवर फार खूश झाले. आमच्याकडं पत्रिकेवरच्या मुहूर्ताला लग्न लागत नाही. आधी मान्यवर येतात, त्यांचे सत्कार होतात, मग ते वधूवरांना शुभाशीर्वाद देतात, मग उशिरा आलेले मान्यवर येतात. तोवर हजार-दोन हजार माणसं हातात अक्षता घेऊन खुर्च्यांवर बसलेली. एवढी बसलेली, रिकामी, कंटाळलेली माणसं दुसरीकडं कुठं मिळणार? आपण रांगेरांगेतून फिरायचं, एकेकाची मूठ धरायची. असा बेत करून ती हुशार बाई गोळे कमरेला खोचून इनामगावच्या एका लग्नाला गेली.

एक गोष्ट ती विसरली होती. छत्तीस वर्षं पहिली-दुसरीला शिकवल्यावर तालुक्यातले निम्मे सरपंच, सोसायटीचे चेअरमन आणि लग्नातले निवेदक हे तिच्याच हातून अ-आ गिरवून गेलेले असतात. मी दुसऱ्या रांगेत एका काकूंचा हात धरते न धरते तोच माइकवरून आवाज आला, "आपल्या सर्वांच्या लाडक्या बाई मांडवात उपस्थित हायेत. बाईंनी कृपया व्यासपीठावर यावं." दोन जणांनी मला दंडाला धरून वर नेलं. शाल, नारळ, डोक्यावर फेटा. कुणीतरी निवेदकाच्या कानात सांगितलं की बाई जादू करतात. झालं. "आता बाई आपल्याला जादू करून दाखवतील."

एका हातात नारळ, शाल घसरतेय, फेटा भुवयांवर आलेला, आणि बोराएवढा गोळा पुढच्या रांगेलासुद्धा दिसत नाही. मोठ्या पडद्यावर तेव्हा मांडवाचं वरून घेतलेलं चित्र चाललं होतं. मी धीर करून शेजारच्या प्रमुख पाहुण्यांच्या हातात गोळा दिला आणि म्हटलं, मूठ बंद करा. त्यांनी अतिशय आदरानं तो कपाळाला लावला, प्रसाद म्हणून खिशात घातला आणि मला नमस्कार केला. टाळ्या पडल्या. निवेदक म्हणाला, "बाईंच्या जादूबद्दल आपण त्यांचे आभार मानू या."

शहाणी असती तर ती तिथंच थांबली असती. पण नाही. प्रत्येक लग्नात वाटायचं, इथं ओळखणारं कुणी नसेल. पाबळला एक जुना विद्यार्थी होता. मांडवगणला तर दोघे होते. एका साखरपुड्यात नवऱ्या मुलाचे वडीलच माझे विद्यार्थी निघाले आणि माझा सत्कार नवरीच्या आधी झाला. मला खोटं बोलवत नाही, पहिल्या दोन शालींना ती भाळली होती. आरशापुढं फेटा घालून बसलीही होती थोडा वेळ. पण सातवी शाल आली तेव्हा आमचे हे म्हणाले, "शालींसाठी नवं कपाट न्हाई घेनार मी. जादू बघितली का कुनी?"

"बघतील की."

"मी इचारलं, बघितली का?"

वर्ष होत आलं होतं, आणि ज्यानं डोळे लावून शेवटपर्यंत पाहिलं असं एकही माणूस मला सांगता आलं नसतं. मला रात्रंदिवस एकच शंका यायला लागली होती. मला हा खेळ खरंच येतो, की बाईंचा मान म्हणून सगळे टाळ्या वाजवतात? शाली पांघरून ते कळणार नव्हतं. मी ह्यांना म्हटलं, "यवतच्या लग्नाला जाऊन येते. तिथं एका माणसानं जरी नीट बघितलं तर पुढं चालू. नाहीतर बंद." ते म्हणाले, "बरं." ह्यांच्या 'बरं'मध्ये काय काय मावतं ते मला चाळीस वर्षांत कळलंय.

यवतचं लग्न हायवेलगतच्या कार्यालयात होतं, माझ्या भावजयीच्या माहेरच्यांकडलं. मी डोक्यावरून पदर घेऊन शेवटच्या रांगेत, खांबाआड बसले. तरी दहाव्या मिनिटाला माइकवर घसा खाकरला गेला, "आत्ताच समजलं की शिरूरहून आपल्या आदरणीय बाई..." मी उठले आणि दिसेल त्या पहिल्या दारात शिरले.

ती नवरीची खोली होती. नवरी खुर्चीवर ताठ बसलेली, कोपराच्या वरपर्यंत मेंदी, हिरवा चुडा, कपाळाला मुंडावळ्या. पलीकडं मेकअप करणारी बाई आपले डबे-ब्रश पेटीत भरत होती. बाकी सगळे बाहेर.

"आजी, बाथरूम तिकडं हाय," नवरी म्हणाली.

"नको गं. बाहेर माझा सत्कार करायला निघालेत, म्हणून लपले."

ती हसली. "माझ्यापास्नं मोबाइल काढून घेतलाय. दीड तास झाला, भाषणं ऐकतीय. काय काम करता तुम्ही, सत्कार होन्यासारखं?"

मी गोळे काढले. तिनं न सांगता हात पुढं केला. बारा महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी आपण होऊन हात पुढं केला होता, आणि तो थंडगार होता. मी खेळ केला. फुंकर, माझा हात रिकामा. तिनं मूठ उघडली, दोन गोळ्यांकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं.

"आजी, दोन्ही तुम्ही आधीच दिलेत."

मी म्हटलं, कशावरून?

"तुम्ही माझी मूठ मिटताना वर अंगठा दाबून धरला. आधी गोळा नुसता दाखवायला हातात दिला, तवा न्हवता धरला. मी रांजणगावला कंपनीत क्वालिटीला हाय. दिवसभर पार्टच बघते. हात लपवून कुनी पार्ट पुढं केला की मी तो आधी बाजूला काढते."

पेटी भरणारी बाई म्हणाली, "नवरीनं एवढं बोलू न्हाई, लिपस्टिक जातीय."

माझी चोरी पकडली गेली होती, आणि तरी मला इतका आनंद झाला की खुर्ची ओढून मी तिच्या समोर बसलेच. सात शालींनी जे सांगितलं नव्हतं ते या पोरीनं एका दमात सांगितलं. खेळ मला येत नव्हता. आणि तो तिनं पाहिला होता.

"परत करू?"

"करा. अंगठा सैल सोडा."

दुसऱ्यांदा तिनं पुन्हा पकडलं. माझे डोळे नको तिथं गेले, म्हणाली. बाहेर कुणीतरी सहकार चळवळीबद्दल बोलत होतं. तिसऱ्यांदा मी घाई केली नाही. तिच्या सासरचं गाव विचारलं, ती सांगायला लागली, मी तिची बोटं एकेक करून मिटली आणि हात काढून घेतला.

तेवढ्यात दार उघडून तिचे मामा आले. "चला बाळा. गुरुजी थांबल्यात, अंतरपाट धरलाय."

"दोन मिन्टं, मामा. मूठ बंद हाय माझी."

"काय हाय मुठीत?"

"तेच बघायचंय."

मामांनी तिच्या मुठीकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि दारातच उभे राहिले. माइकवरून हाक आली, नवरीच्या मामांनी नवरीला घेऊन यावं. पुन्हा आली. मी माझ्या हातावर फुंकर मारली आणि तो उघडला. मग तिनं एकेक बोट उघडलं.

दोन्ही गोळे तिनं उलटसुलट करून पाहिले, मेंदीभरल्या तळव्यावर जरा दाबून पाहिले, मुठीच्या मागची बाजू पाहिली. "न्हाई सापडलं," ती शेवटी हळूच म्हणाली, जणू कुणी तिची चूक काढली होती. गोळे माझ्या हातात देऊन ती उठली, आणि मामांनी तिला बाहेर नेलं. दारापर्यंत ती आपल्या तळव्याकडंच बघत होती.

बाहेर मंगलाष्टका सुरू झाल्या. मी अक्षतांसाठी उठणार, तर मेकअपवाली बाई पेटी बंद करून रिकाम्या खुर्चीवर येऊन बसली. तिनं पदराला हात पुसला आणि माझ्यापुढं धरला.

"मी इकडनं समदं बघत व्हते," ती म्हणाली. "तिला न्हाई सापडलं, मला सापडंल. करा."