बाबांच्या बोटाचा दोर

अकोल्यात आमच्या गल्लीत बाज विणायची तर बाबांनीच. अंबाडीच्या वाखाला पीळ घालून दोर करायचा, बाजेवर ताणायचा आणि शेवटी वरून पाणी ओतायचं. "दोर पाणी पेला का आखडते," बाबा म्हणायचे. बाज अशी ताठ व्हायची की वर उड्या माराव्यात. आता लोकांना नायलॉनच्या पट्ट्या पाहिजेत, तो भाग वेगळा.

मग त्यांना लकवा मारला. बोलणं गेलं, उजव्या हाताची मूठ वळून बसली. अमरावतीच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, या हाताची आता आशा धरू नका. आईला सांगायची माझी छाती झाली नाही. बोटं सरळ राहावीत म्हणून डॉक्टरांनी मनगटाला बांधायची पट्टी दिली होती, तिचं रबर लवकरच तुटलं. मी घरातलाच बारीक दोर घेतला, बोटांपासून हाताच्या पाठीवरून नेऊन पट्टीला ताणून बांधला. आपलीच अक्कल!

दुसऱ्या दिवशी आई त्यांचं अंग पुसत होती आणि एकदम ओरडली, "हाललं वो माय! बोट हाललं!"

मी धावले. खरंच, बोट हळूहळू वर येत होतं. माझे तर डोळेच भरून आले. मग ओला दोर दिसला. मेला तो आखडत होता, आणि बोट नुसतं त्याच्यामागे ओढलं जात होतं. बाबा बोटाकडे पाहतच नव्हते, दोराकडे पाहत होते. सारा जन्म दोरात गेलेला माणूस, त्यांना कोण फसवणार?

मी तोंड उघडलं, तोवर आई देवापुढे साखर ठेवायला गेलेली. म्हटलं, उद्या सांगू. रोज अंग पुसलं की बोट उठायचं, दुपारी दोर वाळला की पडायचं. "थकून जाते बिचारं," आई म्हणायची. मला तिचा राग यायचा, आणि तिच्यापेक्षा जास्त माझा.

एका दुपारी तिवशाहून आत्या भावाला पाहायला आली.

"हालवा ना वो जरा, तुमच्या बहिणीले दाखवा," आई म्हणाली.

दोर ठणठणीत कोरडा. बोट कशाला हालतंय? आई पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. तिचा चेहरा उतरत गेला. आत्याने पदर डोळ्यांना लावला. आता सांगूनच टाकते म्हणून मी पुढे झाले.

तेवढ्यात बाबांनी डाव्या हाताने उशाशी ठेवलेला पेला उचलला. वाटलं, तहान लागली असेल. त्यांनी तो उजव्या हातावर ओतला. बाजेवर ओतायचे तसाच, सावकाश, दोराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"अवो, सांडलं ना सारं!" आई फडकं शोधायला लागली, आणि बोट उठलं.

"पाह्यलं का, बाई?" ती आत्याला म्हणाली. हसत होती, रडत होती. "दिवाळीले बाज विणतीन पाहा."

मी सांगायला तोंड उघडलं. बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली, नाही म्हणून.

मी आईच्या हातातलं फडकं घेतलं. चादरीवरचं पाणी पुसलं. दोर तेवढा ओला राहू दिला.