डावीकडचा दबलेला आवाज

गाड्यांमधले स्टिरिओ दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाला सगळा बाजार कानसेन म्हणत असे. दुकानात पुढे तो आवाज बघायचा, मागे त्याची बायको शिवणयंत्रावर सीटकव्हरं शिवायची. "आमच्याकडे कान आणि बूड, दोन्हींची सोय होते," असं ती गिऱ्हाइकांना सांगे.

त्या दिवशी एक टॅक्सीवाला आला. त्याच्या गाडीच्या डाव्या दारातला स्पीकर खरखरत होता. कानसेनने दार दोनचारदा उघडझाप केलं. खरखर कमीजास्त झाली. म्हणजे बिजागरीपाशी वायर दुमडून दुमडून तुटत आली होती. त्याने तेवढा तुकडा कापून नवा जोडला. खरखर थांबली. टॅक्सीवाल्याने किल्लीसाठी हात पुढे केला, तर हा मागच्या सीटवर मधोमध जाऊन बसला.

"थांबा. डावा अजून दबलेला आहे."

"अहो, मला तर झकास ऐकू येतंय."

"तुम्हाला येत असेल. मला कानसेन उगाच म्हणत नाहीत."

त्याने स्टिरिओच्या मागे डाव्या-उजव्या वायरींची अदलाबदल केली. दोष स्टिरिओत असता, तर आता उजवा दबायला हवा होता. दबला डावाच. मग स्पीकर बदलून पाहिला. तरी डावाच. शेवटी त्याने डाव्याचा आवाज थोडा वाढवून ठेवला आणि दाराचं अस्तर काढायला घेतलं.

"उस्ताद, आता मलाच बदला, म्हणजे सुटलो," टॅक्सीवाला म्हणाला.

पुन्हा मागच्या सीटवर बसून कानसेन ऐकत होता, तोच डिकीच्या उघड्या दारातून बायकोने हाक मारली, "अहो, चहा!" तो सीटवर गुडघे टेकून तिच्याकडे वळला आणि तसाच थबकला. आता डावा स्पीकर त्याच्या उजव्या हाताला होता आणि खणखणीत वाजत होता. दबला होता तो दुसराच. तो पुढे वळला, पुन्हा मागे वळला. दोष त्याच्याबरोबर फिरत होता. त्याने उजव्या कानावर तळवा ठेवला. गाणं पार गल्लीच्या टोकाला गेलं.

"अगं, माझा डावा कान गेलाय," तो हळूच म्हणाला.

"केव्हाचाच. मी बोलले नव्हते का?"

"कधी?"

"बोलले की. डावीकडून बोलले असेन." ती हसली, पण लगेच तिचा चेहरा उतरला. "पुन्हा विषय काढायचा धीर झाला नाही. तुमचं सगळं त्या कानांवरच उभं."

मग तीच गाडीत मधोमध बसली. जरा वेळ ऐकून म्हणाली, "डावा फारच चढलाय हो."

"तरीच!" टॅक्सीवाल्याने मांडीवर थाप मारली. "माझ्या मेव्हण्याची गाडीही तुम्हीच केलीत ना? त्याची बायको शेजारी बसली की तिच्या कानठळ्या बसतात. तिला वाटतं, तिची बडबड ऐकू येऊ नये म्हणून यानेच तिच्या बाजूचा आवाज वाढवलाय!"

कानसेनला हसू आलं नाही. गेले कित्येक महिने प्रत्येक गाडीचा डावा आवाज तो असाच, मोठ्या खात्रीने, वाढवून देत आला होता.

"मेव्हण्याला फोन लावा," तो म्हणाला.

"राहू द्या हो. उगाच बाजारभर होईल."

"होऊ द्या. लावा."

टॅक्सीवाल्याने नाइलाजाने फोन लावून दिला. कानसेन म्हणाला, "तुमच्या गाडीचा आवाज मी चुकीचा लावलाय. माझा एक कान कामातून गेला आणि मला ते कळलंच नाही. गाडी घेऊन या. या वेळी ऐकायला माझी बायको बसेल."

 पलीकडून मेव्हणा दबक्या आवाजात म्हणाला, "काका, गाडी आणतो नंतर. हे एवढं आमच्या हिला सांगता का? माझ्यावर तिचा विश्वास बसायचा नाही."

"द्या तिच्याकडे," कानसेन म्हणाला.