झेंडे मी काढले होते

त्या मोहिमेसाठी वेगवेगळ्या पलटणींतून माणसं निवडली होती. आमच्या पलटणीतून दोघं गेलो. मी नायक परशराम, गाव अळणावरजवळ. दुसरा लान्स नायक सिद्धार्थ कांबळे, हुबळीचा. भरतीला आम्ही एकाच मैदानावर एकत्र धावलो होतो. तो मला परशाअण्णा म्हणायचा.

डोंगराचं नाव लिहीत नाही. त्याच्या पायथ्याशी हिमनदी होती, आणि ती ओलांडल्याशिवाय वर जाता येत नव्हतं. लांबून हिमनदी मैदानासारखी दिसते. पण तिच्यात खोल भेगा असतात आणि ताज्या बर्फाखाली त्या झाकून जातात. म्हणून जाताना सुरक्षित वाटेवर बांबूच्या काठ्या रोवायच्या, टोकाला लाल कापड. ढग उतरला की एका झेंड्यापासून दुसरा शोधत परत यायचं. हे झेंडे लावणं आणि काढणं माझ्याकडे होतं.

चढाईच्या आदल्या संध्याकाळी मोहिमेचे प्रमुख मेजरसाहेब यांनी प्लॅन समजावला. पहिली पार्टी त्यांची. दुसरी सिद्धार्थ आणि गढवालचा शिपाई नेगी. दुसऱ्या पार्टीला ऑर्डर होती: दुपारी दोनपर्यंत हिमनदीला पोचला नाहीत तर वरच्या कॅम्पमध्ये मुक्काम, सकाळी खाली.

बाहेर आल्यावर सिद्धार्थ म्हणाला, "अण्णा, मी दोनच्या आत येतो बघ. ह्या नेगीचं घोरणं ऐकण्यापेक्षा पळत येणं बरं."

मी झेंडे मोजत होतो. आधीच्या सरावात काही हरवले होते आणि स्टोअरच्या हवालदारानं मला सगळ्यांसमोर झापलं होतं.

"मोज, मोज," तो हसला. "आम्ही हरवलो तर नुसती चौकशी. झेंडा हरवला तर तुझ्या पगारातून कापतील."

दुसऱ्या दिवशी साहेबांची पार्टी शिखर करून वेळेत खाली गेली. मी हिमनदीच्या वरच्या कडेला थांबलो. दोन वाजून गेले. वारा सुटला, बर्फ पडायला लागला. दोघं आले नाहीत. मी मनाशी ठरवलं, प्लॅनप्रमाणे ते वरच राहिले. असाच बर्फ पडला तर सकाळपर्यंत झेंडे गाडले जातील. आत्ता काढून नेऊ, पहाटे त्यांना आणायला येताना परत रोवू.

माझ्याकडे वायरलेस नव्हता. खाली बेस कॅम्पवर जाऊन वायरलेसवरून विचारता आलं असतं. मी विचारलं नाही. खाली येत एकेक झेंडा उपटला, बंडल बांधलं आणि तंबूच्या दाराशी टाकलं.

तंबूत बसून बुटाची नाडी सोडत होतो. वायरलेस बोलला. सिद्धार्थचा आवाज.

"बेस, नेगी को उलटी हो रही है. ऊपर नहीं रुक सकते. नीचे ला रहा हूँ. ग्लेशियर पर हैं. फ्लॅग नहीं दिख रहे. ओव्हर."

नाडी हातात तशीच राहिली. दारातून बंडलाचं लाल टोक दिसत होतं. मेजरसाहेबांचे ओठ हलताना दिसले, ऐकू काही आलं नाही. त्यांनी पुन्हा विचारलं.

"परशराम! फ्लॅग लगे हैं ना?"

"लगे हैं, सर."

हे मी म्हणालो. ठरवून नाही, विचार करून नाही. साहेबानं विचारलं की काम झालंय म्हणायचं, ही इतक्या वर्षांची सवय. आजही तो आवाज माझा होता यावर माझा विश्वास बसत नाही.

साहेब वायरलेसवर म्हणाले, "फ्लॅग लगे हैं. ढूँढते हुए आओ. ओव्हर."

वायरलेसवर हिंदीतच बोलायची शिस्त होती. सिद्धार्थ मराठीत बोलला.

"परशाअण्णानं लावलेत ना? मग सापडतील की. ओव्हर."

त्यानंतर आवाज आला नाही.

मी खरं बोललो असतो तर साहेबांनी एकच ऑर्डर दिली असती: आहात तिथेच थांबा, बर्फात खड्डा करून स्लीपिंग बॅगेत बसा. ते थांबले असते. नसलेले झेंडे शोधत फिरले नसते.

मी बंडल उचललं. "मी बघून येतो सर," म्हणून बाहेर पळालो आणि चालत चालत झेंडे परत रोवले. मागून साहेब बेसवरच्या दोन जवानांना घेऊन आले, त्यांना झेंडे दिसले. अर्ध्या वाटेवर अंधारानं आणि वाऱ्यानं आम्हाला थांबवलं. उरलेले झेंडे कुणाला दिसू नयेत म्हणून मी बर्फात दाबले. सकाळी ते दोघं सापडले, वाटेच्या डावीकडे, एका भेगेत.

चौकशीत वरचे झेंडे वाऱ्यानं उडाले असं ठरलं. वादळात एकटा शोधायला गेलो म्हणून मला शाबासकी मिळाली. मी सावधानमध्ये उभा राहून ती घेतली.

सिद्धार्थची पेटी घेऊन मी हुबळीला आलो होतो. त्याची बायको शोभाक्का हिनं एकच विचारलं, "शेवटी काय बोलले?" मी म्हणालो, "वायरलेस बंद पडला होता." त्या शेवटच्या बोलण्यात माझं नाव होतं. ते कसं सांगणार?

निवृत्तीनंतर गोकुळ रोडवर एका कारखान्यात सिक्युरिटीचं काम धरलं. विद्यानगरात शोभाक्काच्या घरी जाणं-येणं राहिलं. तिची मुलगी सुजाता ट्रेकिंग करते. गेल्या महिन्यात तिनं बोलावून घेतलं. तिला मैत्रिणींबरोबर असंच एक हिमनदीचं शिखर चढायचं होतं, गाईड न घेता.

"गाईड घेतला तर तो पुढं, आम्ही मागं मेंढरं," ती म्हणाली. "त्यात काय मजा?"

"मजा म्हणे!" शोभाक्का स्वयंपाकघरातून ओरडली. "अण्णा, तुम्हीच सांगा हिला."

"आई, परशाकाका प्लॅन बघणार आहेत ना? मग झालं की."

बापाचाच सूर. तिनं लॅपटॉप पुढे सरकवला. दोऱ्या, तंबू, मुक्काम, सगळं नीट लिहिलेलं. खाली एक ओळ होती: शेवटची व्यक्ती झेंडे काढत येईल.

"काका? काय चुकलं का?"

"झेंडे मी काढले होते," मी म्हणालो.

दोघींना कळलं नाही. मग इथे लिहिलं तसं क्रमानं सांगितलं. शोभाक्का दारात उभी होती, हाताला पीठ. सुजातानं लॅपटॉप मिटला.

शोभाक्कानं तोच जुना प्रश्न विचारला. "शेवटी काय बोलले?"

मी सांगितलं. तिनं पुन्हा म्हणायला लावलं. मी पुन्हा म्हणालो.

"म्हणजे घाबरले नव्हते," ती म्हणाली. मग म्हणाली, "आता जा."

सुजाता फाटकापर्यंत आली नाही. आठवड्यानं तिचा मेसेज आला: "गाईड ठरवला. सगळ्यांनी खाली येऊन एकमेकींना हात लावल्याशिवाय झेंडा निघणार नाही, असं लिहिलंय." एवढंच. काका असं लिहिलं नव्हतं.

नेगीची आई गढवालात आहे. तिला पत्र लिहिणार नाही, समोर जाऊन सांगणार आहे. झेंड्यांचं सांगेन, आणि आम्ही सकाळी काय पाहिलं तेही. लान्स नायक सिद्धार्थ कांबळे आणि शिपाई नेगी एकाच दोरीला होते. दोन्ही गाठी घट्ट होत्या. नेगीला ओझं होऊ नये म्हणून सिद्धार्थनं त्याची सॅक स्वतःच्या सॅकवर बांधून घेतली होती. दोघांच्या स्लीपिंग बॅगा त्यातच होत्या, कोरड्या, न उघडलेल्या.